जिभेवरचा पिवळा थर

तुमचं मनगट शेवटचं कोणी हातात धरलं होतं? रस्ता ओलांडताना ओढलं ते नाही. नीट, दोन मिनिटं, गप्प राहून, तुम्ही आतून कसे आहात ते कळावं म्हणून कोणी धरलं होतं का? आठवून बघा. आठवत नसेल तर लाजायचं कारण नाही, पण मग मीटरवाल्यांना हसायचा हक्क तुम्हाला नाही, हे आधीच बजावलेलं बरं.

मीटरवाले म्हणजे घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणारे. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, कानावर पेन्सिल. जिन्याखाली, दारामागे, कपड्यांच्या ढिगाआड जिथं कुठं मीटर बसवलेलं असेल तिथं वाकायचं, आकडा उतरवायचा आणि पुढचं दार वाजवायचं. "मीटर!" हा एक शब्द ते दिवसातून दीडशे वेळा उच्चारत. समोरून "या" म्हणणारे विरळाच. माणूस दार उघडून बाजूला व्हायचा, डोळे तिसरीकडेच.

तरी घराघरातलं त्यांना कळत असे. आकडा एकदम पडला की घरातलं कोणी निघून गेलेलं असायचं. एकदम चढला की तान्हं बाळ तरी आलेलं असायचं, नाहीतर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असायचं. हे त्यांनी कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. विचारलंच कोणी नव्हतं.

आणि चोर? चोर ते उंबऱ्यातूनच ओळखायचे. मीटरची चकती अडवायला कोणी फिल्मची पट्टी सरकवायचं, कोणी लोहचुंबक चिकटवून ठेवायचं. मीटरवाले नुसते चकतीकडे बघत उभे राहायचे. चकती लंगडत फिरतेय हे त्यांच्या डोळ्याला लगेच दिसायचं. "मीटर स्वतःहून खोटं बोलत नाही," ते नव्या माणसांना सांगत, "त्याच्याकडून बोलवून घेतात."

हे वाक्य लक्षात असू द्या.

निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. मुलगी लग्न करून इतक्या लांब गेलेली की इथं सकाळ असते तेव्हा तिथं दिवेलागण. ती रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्या? बरं, ठेवते, पोरं भांडतायत." प्रेम नाही असं कोण म्हणेल? प्रेम आहे, पण चार मिनिटांत बसवलेलं.

तीन वर्षांपूर्वी एकदा दाढी करत असताना त्यांच्या डाव्या गालातून वीज गेली. दुसरा शब्दच नाही. जन्म विजेच्या शेजारी काढला, कधी झटका बसला नाही, आणि आता तो थेट गालातच येऊन बसला. वारा लागला की झटका, घास चावला की झटका, बोलायला तोंड उघडलं की झटका. दाताच्या डॉक्टरने एक धडधाकट दाढ उपटून हातात दिली. मग नसांच्या डॉक्टरने खरं काय ते सांगितलं, की चेहऱ्याची नस बिघडलीय. त्याच्या गोळ्यांनी निम्मं दुखणं गेलं आणि निम्मी शुद्धही. दिवसभर डोकं कापसात गुंडाळल्यासारखं वाटायचं.

मीटरवाल्यांनी बोलणं सोडून दिलं. पाच महिने ते जवळजवळ एक शब्द बोलले नाहीत. फोनवर नुसतं "हं". आणि गंमत बघा, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सुया टोचून करायच्या उपचाराची जाहिरात त्यांना कामगार संघटनेच्या इमारतीत दिसली. ती इमारत त्यांना पाठ होती, मीटर जिन्याखाली, शेजारी मोडकी सायकल. मीटरच्याच वर कोणीतरी कागद डकवला होता: "जुनाट दुखण्यांसाठी सुया, वरच्या सभागृहात. डॉक्टरांची चालू औषधं बंद करायची नाहीत. बरं झालं की खुर्ची सोडायची."

वर सुईबाई होत्या. आधी मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. संपात पुढे उभ्या राहिल्या म्हणून त्यांना घरी बसवलं, पण घरी बसणं त्यांच्या अंगातच नव्हतं. एका म्हाताऱ्या चिनी वैद्यबाईंच्या हाताखाली त्या तीन वर्षं शिकल्या आणि संघटनेच्या सभागृहात सात खुर्च्या मांडून बसल्या. खुर्च्या बंद पडलेल्या केशकर्तनालयातल्या, मागे रेलणाऱ्या. कोपऱ्यात जुन्या मोर्च्यांचे फलक अजून उभे होते, त्यामुळे सुया टोचून पडलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर यायचं, "मागण्या मान्य करा!"

पहिल्या दिवशी मीटरवाले खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढायला लागले.

"ती नंतर," सुईबाई म्हणाल्या. "आधी हात. पालथा नको, उताणा."

तीन बोटं मनगटावर टेकली. आधी हलकी, मग थोडी दाबून, मग खोल.

"ते असं आहे की गालात..."

"बोलू नका. तुम्ही बोललात की मला तुम्ही ऐकू येता. मला नाडी ऐकायचीय."

एक मिनिट डावा हात, एक मिनिट उजवा. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. मीटरवाले फलकाकडे बघत राहिले. बायको गेल्यापासून त्यांच्या अंगाला माणसाचा हात लागला होता तो फक्त सुटे पैसे परत घेताना, आणि दाढ उपटताना.

मग प्रश्न. हे सुयांचे वैद्य फक्त गालाचं विचारत नाहीत. झोप लागते का, किती वाजता मोडते, घाम कुठं येतो, तहान गार पाण्याची की कोमट, पोट साफ होतं का. जीभ बाहेर काढा, अजून, अजून. भिंतीवर जिभांचा तक्ता होता, फिकी जीभ, लालभडक जीभ, पांढऱ्या थराची, पिवळ्या थराची. बाई एकदा जिभेकडे बघत, एकदा कार्डावर लिहीत.

"स्वप्नं?"

मीटरवाले गडबडले. अडुसष्ट वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"पडत असतील."

"असतील नको. काय दिसतं?"

"दारं," ते हळू म्हणाले.

"उघडतात?"

"नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. "ठीक. गालाचं दुखणं, सुई हाताला," म्हणत त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खळग्यात केसासारखी सुई सरकवली, मग पायाला, मग कानाजवळ. "सुईपाशी आलं का जडपण?" "आलं." वीस मिनिटं पडून राहायचं. सुया मोजून टोचायच्या, मोजून काढायच्या. पुढच्या गुरुवारी चार वाजता, खिडकीजवळची खुर्ची.

मग गुरुवारामागून गुरुवार. "काय मीटरवाले, आज किती युनिट दुखलं?" हा बाईंचा ठरलेला विनोद, दहापैकी सांगायचं. आठ. आठ. सहा. शेजारच्या खुर्चीत कंबर धरलेला एक रंगारी असायचा, सुया टोचल्या तरी तोंड बंद न होणारा. तो म्हणायचा, "बाई, यांचं कनेक्शनच तोडून टाका ना!" मीटरवाले गाल सांभाळून हसायचे. गुरुवार चार वाजता सुरू व्हायचा आणि पावणेपाचला संपायचा. उरलेले सहा दिवस नुसते त्याची वाट बघण्यात जायचे.

आणि मग एके दिवशी दाढी करताना पातं डाव्या गालावरून फिरलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं, काही नाही. मुद्दाम खिडकी उघडून गाल वाऱ्यावर धरला. काही नाही. गोळ्यांनी गेलं, सुयांनी गेलं की दुखण्यानेच सुट्टी घेतली, सांगता येत नाही. हे दुखणं लहरी असतं, महिनोनमहिने दडी मारून बसतं, हे नसांच्या डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. सगळं श्रेय सुयांना द्यायला खुद्द सुईबाईही तयार नसत.

तुम्ही म्हणाल, माणूस आनंदाने नाचला असेल. मीटरवाले मोरीतल्या आरशासमोर अर्धी दाढी तशीच ठेवून स्टुलावर बसले. त्यांना जिन्याखालचा कागद आठवला. बरं झालं की खुर्ची सोडायची.

त्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "किती युनिट?"

"सहा," मीटरवाले म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी उतरवलेला पहिला खोटा आकडा.

एकदा खोटं सुरू झालं की त्याची सरबराई करावी लागते. नाडीला काही करता येत नव्हतं, पण जिभेला येत होतं. तक्त्यातली पिवळ्या थराची जीभ त्यांनी हेरून ठेवली. त्या चित्राखाली "आत उष्णता" असं लिहिलेलं होतं, ऐकायला बऱ्यापैकी गंभीर. कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्र्याच्या गोळ्या आणल्या. जिना चढताना एक चघळायची, वर पोचेपर्यंत जीभ पिवळीधमक. स्वप्नंही तयार ठेवावी लागली. खरी स्वप्नं तीच ती होती, बंद दारांची. ती बाईंना किती वेळा सांगणार? मग बुधवारी दुपारी बसून ते नवीन रचत. पाण्यात बुडालेलं मीटर. उलटी फिरणारी चकती. बायकोने आतून विचारलेलं, "कोण आहे?" आणि आपल्याला उत्तर न सुचणं. हे शेवटचं रचताना ते बराच वेळ खिडकीत उभे राहिले.

ज्याने हजार चोर पकडले तो स्वतःच्या मीटरला पट्टी लावत होता, आणि त्याला ते कळत होतं. पण बाई जीभ बघत, मान हलवत, लिहीत. उलट नाडी आता जास्तच वेळ धरत. मीटरवाल्यांना वाटलं, पचलं आपलं.

असे तीन महिने गेले.

जिन्यावर वाट बघणारं कोणी ना कोणी दर गुरुवारी असायचं, मीटरवाले न बघताच वर जायचे. त्या गुरुवारी मधल्या वळणावर बसलेल्या एका बाईकडे त्यांचं लक्ष गेलं. अंगावर बसकंडक्टरचा गणवेश, डाव्या गालावरून घट्ट गुंडाळलेला रुमाल, हातात पाण्याची बाटली. बाटलीला नळी लावून ती तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून घोट घोट पाणी घेत होती. प्रत्येक घोटाआधी डोळे मिटून घ्यायची.

मीटरवाले जागच्या जागी थांबले. असं पाणी त्यांनी स्वतः वर्षभर प्यायलं होतं.

"वर जायचंय का?"

तिने बोट हलवलं, नाही. खिशातून तिकिटाचं कोरं पान काढलं आणि त्यावर लिहून दाखवलं: "यादीत आहे. खुर्ची रिकामी नाही. अकरा गुरुवार येतेय. कोणी आलं नाही तर घेतील."

"नस?" मीटरवाल्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला.

तिने मान हलवली, अगदी एक बोटभर. जास्त हलवली तर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

"बसच्या दारातला वारा लागत असेल."

तिचे डोळे भरले. तिने लिहिलं: "थांब्यांची नावं ओरडता येत नाहीत. ऑफिसने विचारलंय, काम करणार की नाही."

जिन्याच्या खिडकीतून झुळूक येत होती. मीटरवाल्यांनी ती खिडकी ओढून लावली, कडी बसवली. मग सवयीने खिशात हात घातला, गोळीचा कागद न बघताच सोडला आणि गोळी तोंडात टाकून वर गेले.

"जीभ," सुईबाई म्हणाल्या.

मीटरवाल्यांनी जीभ काढली. बाई बघत राहिल्या. चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"या रंगाची जीभ माझ्या तक्त्यात नाही, मीटरवाले."

रंगाऱ्याने मान वळवली. "आमच्या तक्त्यात आहे, बाई! पोपटी. भिंतीला दोन हात मारावे लागतात."

सातही खुर्च्या हसल्या. दुकानदाराने पुडीत सरमिसळ गोळ्या घातल्या होत्या आणि घाईत हिरवी निघाली होती. मीटरवाल्यांचे कान तापले. चोराला रंगेहाथ धरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते त्यांनी आयुष्यभर समोरून बघितलं होतं. आज ते आतून कसं असतं ते कळलं.

बाई हसल्या नाहीत. "घ्या आत," एवढंच म्हणाल्या. दोन्ही मनगटं धरली, सावकाश. हाताच्या खळग्यात एक सुई लावली आणि पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

मीटरवाले "मागण्या मान्य करा"कडे बघत पडून राहिले. कान जिन्याकडे होते. खालून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच सहन होईना. हे दुखणं असलेल्या माणसाचा आवाज येतच नाही. त्यांचाही पाच महिने कोणाला आला नव्हता.

"बाई."

"वीस मिनिटं व्हायचीयत."

"सुई काढा."

"टोचतेय?"

"नाही. काहीच होत नाहीये. गालालाही नाही. तीन महिने झाले." त्यांचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मी आकडा खोटा सांगत होतो."

रंगाऱ्याने यावेळी मान भिंतीकडे वळवली.

सुईबाईंनी सुई काढली, कापसाचा बोळा खळग्यावर दाबून धरला. रक्त तर आलेलंच नव्हतं, तरी धरून ठेवला. "जिन्यावर एक बाई बसलीय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तिला पाठवतो." मीटरवाले उठले, चप्पल घातली, आणि दारात वळून म्हणाले, "गुरुवारी नुसता बसायला आलो तर?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. सात खुर्च्या, बाकावर दाटीवाटीने पाच माणसं, दाराला टेकून दोघं. "कुठे बसवू, मीटरवाले?" त्या म्हणाल्या. रागावून नाही म्हणाल्या. थकून म्हणाल्या, आणि खरं तेच म्हणाल्या. मग टेबलाच्या खणातून त्यांचं कार्ड काढून हातात दिलं. "गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. दुखणं परत आलं तर तडक या, यादीबिदी बघू नका. आणि हे तुमचं. जाणाऱ्याचं कार्ड जाणाऱ्याला, असा इथला नियम आहे."

खाली येऊन मीटरवाले कंडक्टरबाईला म्हणाले, "जा पोरी. खिडकीजवळची खुर्ची. खिडकी आधी लावून घे. आणि हे बघ, सगळ्यात शेवटी त्या स्वप्नाचं विचारतात. घाबरू नको. जे दिसत असेल ते लिहून दे."

ती रुमाल सांभाळत वर गेली, मागे वळून बघितलं नाही. मीटरवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या दुखण्यात मान वळवता येत नाही.

घरी येऊन त्यांनी खिडकीतल्या उजेडात कार्ड उघडलं. दोन वर्षांचे गुरुवार, बाईंच्या तिरप्या अक्षरात. "दारं दिसतात. उघडत नाहीत." "घाम नाही. तहान कोमट." त्यांचं सगळं आयुष्य कोणीतरी उतरवून घेतलं होतं, कानाकोपऱ्यात वाकून. रचलेली स्वप्नंही होती, एकही न गाळता. "बायको आतून विचारते, कोण आहे. उत्तर सुचत नाही."

मग शेवटचे तीन महिने. पहिल्याच गुरुवारी लिहिलेलं होतं: "सांगतात सहा. नाडी म्हणते काही नाही. जिभेला संत्र्याचा वास. सुई एकच. नाडी दोन्ही हात, सावकाश." खाली पुढच्या गुरुवारी, त्याच्या पुढच्या, तेच. "सुई एकच. नाडी सावकाश."

बाईंना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

बाईंनी केलं ते बरोबर होतं का? एकाचं मनगट सावकाश धरताना जिन्यावर दुसरीचा गाल अकरा आठवडे जळत होता. चूकच ती, आणि त्यांना ती ठाऊक असणार. सात खुर्च्यांत सगळं बसत नाही. पण बोट त्यांच्याकडे दाखवायच्या आधी सांगा, ते मनगट धरायचं काम मुळात सुया टोचणाऱ्या बाईचं होतं का?

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, जेवलात? गोळ्या?"

"घेतल्या. अगं, ऐक ना, तुला स्वप्नं पडतात का?"

"काय? स्वप्नं? बाबा, ठीक आहात ना? गाल दुखतोय का?"

"नाही. बरा आहे गाल."

"मग झालं तर! किती छान! ठेवते हं, दूध उतू जातंय."

गुरुवारी चार वाजता मीटरवाले खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. डावा हात उताणा मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताची तीन बोटं मनगटावर टेकवली. आधी हलकी, मग थोडी दाबून, मग खोल. नाडी लागत होती, नीट, एका लयीत, न लंगडता. आकडा उत्तम होता. तो सांगायला कोणी नव्हतं.

त्या इमारतीचा पत्ता विचारू नका. तुमच्या जिन्यातच असं एक दार आहे, आणि ते कोणतं हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. येत्या गुरुवारी ते वाजवा. काम काढून जाऊ नका, डबा घेऊन उपकार करायला जाऊ नका. बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि विचारा, काय स्वप्न पडलं? ते बहुधा रचून सांगतील. तरी शेवटपर्यंत ऐका, आणि तोवर हात सोडू नका.